ताप उतरला म्हणून पेशंटला सोडू नका: डॉक्टरांना, मेडिकलवाल्यांना आणि आरोग्य खात्याला एक खुलं पत्र

गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना, मेडिकल चालवणाऱ्या दादा-ताईंना, आणि सार्वजनिक आरोग्य विभागात डेंग्यूचं काम बघणाऱ्या सर्व साहेब-मॅडमना,

सनविवि.

मी मूळची सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातली, नोकरीमुळे पुण्यात राहते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६८, त्यांना गेल्या ऑक्टोबरात डेंग्यू झाला आणि सहाव्या दिवशी मेंदूभोवती रक्तस्राव झाला. डेंग्यूने डोक्यात रक्त साठू शकतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, आमच्या घरात कुणालाच नव्हतं, आणि नंतर मी ज्या ज्या लोकांना विचारलं त्यातल्या बहुतेकांना "डेंग्यू म्हणजे पेशी कमी होतात" एवढंच माहीत होतं. त्यावर मी काय काय वाचलं, न्यूरोसर्जनना किती प्रश्न विचारले, ते सगळं डोक्यात साठलंय आणि आता पुढचा पावसाळा यायच्या आत ते तुमच्यापर्यंत पोचवायचंय म्हणून हे पत्र.

आधी काय झालं ते सांगते. छाटणीचे दिवस होते, आबा दिवसभर बागेत. बागेच्या शेडमध्ये फवारणीच्या पाण्याचे दोनशे लिटरचे ड्रम कायम भरून ठेवलेले असतात, झाकण नाही. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस, तो बहुतेक दिवसा चावतो आणि बहुतेक करून स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणजे नुसती गटारीवर पावडर मारून भागत नाही. हे मला आज कळतंय. रविवारी आबांना थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं. सोमवारी गावातल्या डॉक्टरांकडे गेले. अंगदुखी फार म्हणून त्यांनी कमरेत दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि चार गोळ्यांची पुडी दिली, त्यात तापाची होती आणि दुखण्याची पण होती. मंगळवारी ताप होताच म्हणून रक्त तपासलं, कार्डावर डेंग्यू पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ९२ हजार. डॉक्टर म्हणाले घाबरू नका, पाणी भरपूर प्या, रोज प्लेटलेट्स बघू. हे बरोबरच सांगितलं त्यांनी. पण आबांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, ते रोज रात्री रक्त पातळ करायची कॅप्सूल घेतात, एकाच कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि आबांनीही सांगितलं नाही, कारण हार्टची गोळी आणि ताप यांचा काय संबंध, असंच कुणालाही वाटणार ना.

गुरुवारी ताप उतरला. आईचा फोन आला, "ताप उतारला गं, आता गप झोपल्यात बघ, फक्त डोस्कं लई ठणकतंय म्हणत हुते." मी म्हटलं, बरं झालं, झोपू दे, चार दिवस झोप नाहीये त्यांना. हे वाक्य मी म्हणाले. त्या दिवसाचा रिपोर्ट होता ४१ हजार, भावाने मोसंबीचा रस आणि किवी आणून ठेवलं होतं, पपईच्या पानाचा रस पण कुणीतरी करून पाठवला होता. रात्री आबांना दोनदा उलटी झाली, ती पित्ताची समजली. ती कॅप्सूल त्यांनी त्याही रात्री घेतली. शुक्रवारी सकाळी आईने चहा दिला तर कप उजव्या हातात धरताच येईना, कप खाली पडला, आणि ते काहीतरी बोलत होते पण शब्द लागत नव्हते, नुसता आवाज. मग गाडी केली, तालुक्याला नेलं, तिथे सीटी स्कॅनचं मशीन बंद होतं, मग मिरज. घरून निघाल्यापासून सीटी स्कॅन होईपर्यंत चार तास गेले. स्कॅनला स्वतःला पाच मिनिटं पण लागली नाहीत.

सबड्युरल हेमॅटोमा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साठलेलं रक्त. डाव्या बाजूला. न्यूरोसर्जननी मला फिल्म दाखवली, ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं, कवटीच्या आतून चिकटलेली चंद्रकोर असावी तसं, आणि तिच्या दाबाने मेंदू पलीकडे सरकलेला. तेव्हा प्लेटलेट्स होत्या २६ हजार. डोक्याचं ऑपरेशन करायला साधारण एक लाखाच्या वर लागतात, म्हणजे ज्याचं ऑपरेशन तातडीने करायला हवं त्याचंच करता येत नाही अशी अवस्था. गावातली पोरं रात्रीतून गाडीने आली, एका दात्याकडून मशीनवर प्लेटलेट्स काढायला तास-दीड तास लागतो, त्याआधी त्याच्या तपासण्या, शीर चांगली आहे का ते बघणं, दोघं तर त्यातच बाद झाले. शिवाय त्या कॅप्सूलमुळे आबांच्या उरलेल्या प्लेटलेट्सही नीट काम करत नव्हत्या. पहाटे ऑपरेशन झालं. कवटी उघडून रक्त काढलं. आबा वाचले. त्या पोरांचे आणि त्या टीमचे उपकार मी विसरणार नाही.

आता मला जे समजलंय ते साध्या शब्दांत लिहिते, कुठे चुकलं तर डॉक्टरांनी दुरुस्त करावं.

मेंदूला तीन आवरणं असतात. सगळ्यात बाहेरचं जाड, ते ड्युरा. मेंदूवरून बारीक शिरा निघून या ड्युराला जाऊन मिळतात. तरुण माणसाचा मेंदू कवटीत भरगच्च बसलेला असतो, पण वय वाढतं तसा तो थोडा आकसतो, अगदी नारळ सुकत आला की खोबरं करवंटी सोडतं ना, तसं. मग या शिरा ताणल्या जातात. अशा ताणलेल्या शिरेला जरासा धक्का पुरतो, बाथरूममध्ये तोल गेला, दाराला डोकं लागलं, कधी कधी तर काही लागल्याचं आठवतही नाही. एरवी शरीर ती गळती बंद करतं. डेंग्यूत बंद करणारी यंत्रणाच अडचणीत असते, कारण प्लेटलेट्स कमी, ज्या आहेत त्या नीट चिकटत नाहीत, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर विषाणूच्या आजारात दुखावलेलं, आणि यकृताला सूज आलेली, ते यकृत म्हणजे रक्त गोठवणारे घटक तयार करण्याचा कारखाना. हे सगळं एकाच वेळी. रक्त ड्युराखाली साठलं तर सबड्युरल, मेंदूच्या आत झालं तर वेगळं नाव, दोन पातळ आवरणांमध्ये झालं तर वेगळं, पण डेंग्यूत हे तिन्ही होऊ शकतं. दुर्मिळ आहे हे मी मान्य करते, डेंग्यूचे बहुतेक पेशंट आठ-दहा दिवसांत घरीच बरे होतात आणि मला कुणाला घाबरवायचं नाहीये. पण दुर्मिळ आहे म्हणून ते शब्द कुणाच्या तोंडातच येत नाहीत आणि मग उलटी ही पित्ताची ठरते.

आणि हा जो "पेशी" शब्द आहे ना, त्याबद्दल एकदा बोलायलाच पाहिजे. आमच्याकडे सगळे "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" म्हणतात. पांढऱ्या पेशी वेगळ्या, प्लेटलेट्स वेगळ्या. डेंग्यूत दोन्ही कमी होतात म्हणून घोटाळा अजून वाढतो. पण त्याहून मोठा घोटाळा असा की सगळं घर त्या एका आकड्याकडे बघत बसतं. सकाळी ६०, संध्याकाळी ४८, व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो, मग "कुठे प्लेटलेट्सची पिशवी मिळेल का" हा मेसेज. माणसाकडे बघायचंच राहून जातं. आम्ही तेच केलं. आबांचा ४१ हजार आकडा आम्हाला पाठ होता, पण ते सकाळपासून तीनच वेळा डोळे उघडून बोलले हे कुणी मोजलं नाही.

नुसता आकडा खाली गेला म्हणून पिशवी चढवल्याने रक्तस्राव टळतो असंही नाहीये. सिंगापूर आणि मलेशियातल्या प्रौढ डेंग्यू पेशंटवर याची रीतसर ट्रायल झाली, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून खाली गेल्या होत्या पण मोठा रक्तस्राव नव्हता अशा लोकांत काहींना आगाऊ प्लेटलेट्स दिल्या आणि काहींना नाही, तर दिलेल्यांमध्ये रक्तस्राव कमी झाला नाही, उलट चढवताना होणारे त्रास जास्त झाले. म्हणजे ४० हजार असलेल्या धडधाकट माणसासाठी अख्खं गाव ब्लड बँकेत पळतं, आणि ज्याचं डोकं दुखतंय, जो गुंगीत आहे, ज्याला खरंच रक्तस्राव होतोय आणि खरंच पिशवी लागणार आहे, तो घरी झोपलेला असतो. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्सच्या वर एक पीसीव्ही म्हणून आकडा असतो (रक्तात लाल पेशींचा वाटा किती), तो चढायला लागला तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय असं समजायचं, तो तर आम्ही कधी वाचलाच नव्हता.

डॉक्टर, तुमच्याशी बोलायचंय ते असं. तुमच्याकडे पावसाळ्यात दिवसाला ऐंशी-शंभर पेशंट असतात, मला माहितीये, बाहेर बाकड्यावर माणसं दाटीवाटीने बसलेली मी पाहिलीत. आबांना दिलेल्या इंजेक्शनमुळेच हे झालं असं मी म्हणत नाही, मिरजेच्या डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. पण पावसाळ्यातला कुठलाही ताप डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन ही दुखण्याची औषधं टाळायची, तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या प्रमाणात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. प्लेटलेट्स घसरत असताना मांसात इंजेक्शन दिलं तर तिथेच रक्त साकळू शकतं हेही ठाऊक आहे. चिकुनगुनिया त्याच डासाने त्याच महिन्यांत येतो, सांधे इतके धरतात की पेशंट स्वतःच म्हणतो डॉक्टर एक इंजेक्शन मारा, आणि दोन्ही आजार पहिल्या दोन दिवसांत नुसत्या लक्षणांवरून वेगळे ओळखू येत नाहीत. पेशंटला सुई हवी असते, नाही दिली तर तो शेजारच्या दवाखान्यात जातो, हा तुमचा त्रास खरा आहे. तरी नाही म्हणा. एक पेशंट गेला तर जाऊ दे.

आणि प्रत्येक तापाच्या पेशंटला तीन गोष्टी विचारा, हृदयाची किंवा लकव्याची किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, गेल्या काही दिवसांत पडलात का, आणि घरात रात्री सोबत कोण आहे. गोळी असेल तर स्वतःहून "बंद करा" पण सांगू नका, कारण नवीन स्टेंटवाल्याने एकदम बंद केली तर तिकडे हार्ट अटॅकची भीती, त्यांच्या हार्टच्या डॉक्टरला एक फोन लावा, नंबर त्या फाइलवर असतो. दोन डॉक्टर पाच मिनिटं बोलले असते तर आबांचं काय झालं असतं हे मी रोज विचार करते, उत्तर मला कुणी देऊ शकणार नाही पण तो फोन व्हायला हवा होता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ताप उतरण्याचा दिवस. डेंग्यूत ताप दोन ते सात दिवस असतो आणि धोक्याचा काळ साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बहुतेक वेळा ताप उतरतो तिथूनच सुरू होतो, पुढचे २४ ते ४८ तास. बाकी कुठल्याही आजारात ताप उतरला की घरात आनंद, देवाला साखर ठेवायची आणि डेंग्यूत नेमकं तेव्हाच डोळ्यात तेल घालून बसायचं. हे इतकं उलटं आहे की तोंडी सांगून कुणाच्या लक्षात राहणार नाही. लिहून द्या. मराठीत लिहून द्या, केस पेपरच्या मागे शिक्का मारा हवं तर.

मेडिकलवाल्यांनो, तुम्ही गावातले पहिले डॉक्टर आहात, लोक आधी तुमच्याकडे येतात, "ताप आलाय, अंग दुखतंय, काहीतरी द्या." जून ते नोव्हेंबर एवढं करा, तापासोबत दुखण्याची जोडगोळी देऊ नका. पॅरासिटामॉलच्या नावाने मागितलेल्या पाकिटात सोबत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असलेल्या कितीतरी गोळ्या तुमच्या फळीवर आहेत, नावं तुम्हाला पाठ आहेत. आणि पॅरासिटामॉल देतानाही सांगा की दोन गोळ्यांमध्ये सहा तास, ताप उतरत नाही म्हणून दर दोन तासांनी नाही, यकृत आधीच सुजलेलं असतं.

आरोग्य विभागातल्या साहेब-मॅडम, १६ मे ला राष्ट्रीय डेंग्यू दिवस असतो, जुलै हा डेंग्यू प्रतिरोध महिना, आशाताई घरोघर येऊन पाणी साठलेल्या भांड्यांचा कंटेनर सर्व्हे करतात, रांजण-हौदात अळ्या मारणारं अबेट टाकतात, गप्पी मासे सोडतात, आठवड्यातला एक कोरडा दिवस पाळा म्हणून दवंडी पिटतात. हे काम चांगलं आहे, ते कमी करा असं मी म्हणत नाही, उलट बागेच्या शेडमधल्या ड्रमपर्यंत पण या, कारण सर्व्हे घरांचा होतो आणि आमचं अर्धं आयुष्य बागेत जातं. पण मी आमच्या भागात जेवढी पोस्टर्स पाहिली तेवढ्या सगळ्यांवर डास आहे, टायर आहे, फुटका माठ आहे. आजार झाल्यावर घरच्यांनी काय बघायचं हे एकावरही नव्हतं. १९९६ साली दिल्लीत साथ आली तेव्हा दहा हजारांच्या वर पेशंट आणि चारशेच्या वर मृत्यू झाले होते, त्याला आता जवळजवळ तीस वर्षं होतील, एवढ्या वर्षांत "ताप उतरल्यावर जपा" हे वाक्य "पाणी साठवू नका" इतकं घराघरात जायला हवं होतं.

एक मागणी आहे, नीट विचार करून मागतेय. बाळंतिणीच्या घरी आशाताई नवजात बाळाला बघायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, हातात फॉर्म असतो, बाळ दूध पितंय का, गार पडलंय का, एकेक खूण बघून टिक करायची. हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललंय, आपल्याला जमतं. तशाच दोन भेटी डेंग्यूच्या पेशंटच्या घरी ठेवा, एक ताप उतरल्याच्या दिवशी आणि एक दुसऱ्या दिवशी. बोलताय का नीट, दोन्ही हात वर करा बघू, लघवी किती वेळा झाली, पोट दुखतंय का, उलट्या थांबतायत का, हिरड्यातून रक्त येतंय का. साठ वर्षांच्या वरचे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचे आधी. त्या भेटींचे पैसे आशाताईंना वेगळे द्या, फुकटात अजून एक काम त्यांच्या डोक्यावर टाकू नका. ज्या दिवशी कार्ड पॉझिटिव्ह येतं त्याच दिवशी लॅबकडून त्यांना कळेल एवढी सोय करा. आणि सीटी मशीन जिथे आहे तिथे ते रात्री आणि रविवारी चालेल असं बघा, मशीन असून माणूस नाही म्हणून पेशंट पुढे पाठवायला लागू नये.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात २०१६ ला माकडताप (गोचिडीच्या चावण्यातून होणारा विषाणूचा ताप) आला, तिथल्या काजू बागांतल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको की विषाणूचा ताप रक्तस्रावापर्यंत जातो, तोही तसाच आजार. तिकडच्या लोकांनी गोचिडीची खूण लक्षात ठेवली. लोक शिकतात, फक्त नेमकं काय शिकायचं ते कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगावं लागतं.

आबा आता चालतात. उजव्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत नीट, कात्री धरता येत नाही. चाळीस वर्षं बागेतली प्रत्येक ओळ ज्यांना तोंडपाठ होती ते आता "ती… त्या… पलीकडची" म्हणून थांबतात आणि मग माझ्याकडे बघतात, शब्द मी शोधून द्यावा म्हणून. स्पीच थेरपी चालू आहे, व्हिडिओ कॉलवर, रोज अर्धा तास. गेल्या आठवड्यात "घड" म्हणाले, स्वतःहून.

मी एक चिठ्ठी तयार केलीये, पोस्टकार्डाएवढी, मोठ्या अक्षरात, आमच्या ओळखीच्या एमडी डॉक्टरांकडून तपासून घेतली. त्यावर एवढंच आहे: डेंग्यूचा ताप उतरला की पुढचे दोन दिवस पेशंटला एकटं सोडू नका, रात्री दर दोन-तीन तासांनी उठवून नाव विचारा, दोन्ही हात वर करायला सांगा. डोकं सहन होत नाही इतकं दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, गुंगी असेल, बोबडं बोलत असेल, हात-पाय लुळा पडला असेल, फिट आली, कुठूनही रक्त आलं, पोटात फार दुखलं, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय आहे का ते विचारूनच न्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल. हार्टची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, पाकीट सोबत घेऊन जा.

पाचशे छापून आणल्यात. सोमवारी गावी चाललेय, पहिली गड्डी आमच्या गावच्या त्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवणार आहे, कालच फोन केला तर ते म्हणाले आणा, मी देतो प्रत्येकाला. ज्यांना हवी असेल त्यांनी मजकूर असाच उचलून आपल्या दवाखान्याचं नाव टाकून छापावा, माझी काही हरकत नाही, माझं नाव नको.

आपली,
आबांची लेक